ब्रेकला दोन माणसं लागतात

काठी सटकली आणि पुढच्या काचेवर जाऊन आदळली. काच फुटली नाही हे माझं नशीब. कॉन्टेसासारख्या जुन्या गाडीची काच म्हणजे काय मंडईतली भाजी नव्हे. तेवढ्या एका काचेपायी मी सांगलीपासून बेळगावपर्यंतचे सगळे भंगारवाले पालथे घातले होते.

“आनंदा, काय चाललंय रं तुझं?” फाटकातनं बरकतचा आवाज आला.

मी गाडीखालनं सरपटत बाहेर निघालो. हाताला ब्रेक ऑइल, कोपराला ब्रेक ऑइल, मिशीलासुद्धा. शेजारचा बरकत मुल्ला गाडीच्या दारातनं आत डोकावून बघत होता. आत बाभळीची काठी पडली होती. तिचं एक टोक सीटला टेकवायचं आणि दुसऱ्यानं ब्रेकचं पेडल दाबून धरायचं, ही माझी अक्कल. सकाळपासनं अशा तीन काठ्या कापून झाल्या होत्या.

“ह्याला काठी चालत नाही, माणूस लागतंय,” बरकत म्हणाला. “तीस वर्षं उद्यमनगरच्या कारखान्यात काढलीस, आणि हे तुला मी सांगू?”

“माहिताय मला.”

“मग?”

“मग काय? माणूस कुठनं आणू?”

त्यानं नुसतं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. आत मालन, माझी बायको, भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

“तू बस की वर,” मी म्हटलं. “पेडल तर दाबायचंय.”

“माझा गुडघा बघितलास का? जिना चढताना अल्ला आठवतोय. आणि आनंदा, घरात माणूस असताना शेजारचा कशाला बोलवायचा?”

“ती नाही यायची.”

“विचारलंस?”

“बरकत, तुला सगळं माहीत असून—”

“विचार. विचारल्यानं काय वीज पडती का अंगावर?” एवढं बोलून तो गुडघा धरत धरत गेला. गुडघा त्याचा खरंच दुखत होता, पण त्या दिवशी जरा जास्तच.

बारा वर्षं झाली ह्याला. तेव्हा मी साठीचा, कारखान्यातनं निवृत्त होऊन दोन वर्षं झालेला. आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, कळंब्याला. ही गाडी आमच्या मालकांची. कारखान्याच्या मागच्या शेडात अकरा वर्षं पडून होती, सीटमध्ये उंदरांचा संसार, बॉनेटखाली चिमण्यांचा. भंगारवाला न्यायला यायच्या आदल्या दिवशी मी मालकांना म्हटलं, मला द्या. ते हसले. म्हणाले, “आनंदराव, आता ह्या वयात?” मी म्हटलं, वयाचं मी बघतो, गाडी द्या.

आणि अंगणात पत्र्याचा मांडव घालून दोन वर्षं मी तिच्यामागं लागलो. साखळी-कप्पी लावून इंजिन एकट्यानं उतरवलं, एकट्यानं चढवलं. जे बुश मिळाले नाहीत ते लेथवर फिरवून घेतले. सीट शिवली, वायरिंग नव्यानं ओढलं. रंग तेवढा बरकतनं मारला, कारण तो रंगाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाला पिचकारी धरू देत नाही. सायीसारखा पांढरा रंग. गल्लीतली माणसं येता-जाता थांबून म्हणायची, “आबा, नाद खुळा गाडी झाली की हो!” मी म्हणायचो, “व्हायचीय अजून.” माणूस मला लागत नाही, अशी माझी मिजास होती तेव्हा. आणि अडलं कुठं, तर ब्रेकपाशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. नळ्या नव्या टाकल्या की त्यांत हवा शिरते. हवा आत असली की पेडल मऊ लागतं, आपला पाय तळाला जातो आणि गाडी काही थांबत नाही. ती हवा काढायला एकानं वर बसून पेडल तीन-चारदा मारायचं, मग दाबून धरायचं आणि ‘दाबलं’ म्हणून सांगायचं. दुसऱ्यानं खाली चाकापाशी छोटा निपल सैल करायचा. हवा फस्सकन बाहेर येते. निपल आवळायचा, आणि मग ‘सोड’ म्हणायचं. वरच्यानं आधी सोडलं किंवा खालच्यानं आवळायला उशीर केला, की बाहेरची हवा परत आत जाते, आणि मुसळ केरात. चारी चाकांना असं पंधरा-पंधरा, वीस-वीस वेळा करायचं. त्यात वरच्यानं खालच्याला सांगत राहावं लागतं आणि खालच्यानं वरच्याला.

आणि मालन माझ्याशी पाच वर्षं बोलत नव्हती.

रुसली, फुगली, दोन दिवसांनी बोलली, तसलं नव्हे. पाच वर्षांत एक शब्द नाही. भाकरी ताटात यायची, चहा ओट्यावर यायचा, माझ्या अंगरख्याची बटणं लागलेली असायची. जेवायची वेळ झाली की उलथनं कढईवर दोनदा वाजायचं. मी विचारलेलं ती ऐकायची, हवं ते करायची, पण तोंडातनं हूं नाही की चूं नाही. पाहुणे आले की पाहुण्यांशी बोलायची, हसायचीसुद्धा. ते गेले की झालं. रोज सांजचं पोरीचा फोन यायचा आणि मालन स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलायची. मी अंगणात ग्राइंडर चालवत असलो तर तेवढ्यापुरता बंद करायचो. शब्द कळायचे नाहीत. नुसता तिचा आवाज कानावर पडायचा, आणि मी गाडीच्या दाराला टेकून उभा राहायचो. स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोचा आवाज चोरून ऐकायचा, ही पाळी दुश्मनावर येऊ नये.

चूक माझी होती. तेव्हा मला ती चूक वाटत नव्हती एवढंच.

आमची एकुलती एक सारिका. लग्न करून दिली आणि दीड वर्षात एक दिवस दुपारी एकटीच दारात आली. हातात पिशवी. डाव्या हातावर मनगटापासून वर भाजल्याचा डाग. मी विचारलं, “तव्याचं लागलं का गं?” ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, “होय, तव्याचं.” मला तेवढं उत्तर पुरलं. पुरलं म्हणजे काय, मला तेवढंच पाहिजे होतं. मालन म्हणाली, “पोर आता जाणार नाही.” मी म्हटलं, भांड्याला भांडं लागतंच, दिलेली पोर माहेरात बसवून घ्यायची नसते, लोक काय म्हणतील. दिवे लागायच्या आत मी सारिकाला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि सासरी नेऊन सोडलं. परत आलो तर मालन उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, “झालं, सोडून आलो.” ती त्या दिवशी जी गप्प झाली ती झालीच.

पोरीनं तिथं आणखी सात महिने काढले. मग आपलं आपण ते घर सोडलं आणि गारगोटीला जाऊन राहिली. दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायची नोकरी धरली. माझ्या दाराकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. मालन सणावाराला एसटीनं तिच्याकडं जायची, दोन दिवस राहून परत यायची. परत येते आहे, म्हणजे माझ्यासाठी येते आहे, असं मी आपलं धरून चाललो होतो.

आता कळलं असेल, गाडी कशाला करत होतो ते. मला सारिकाला घरी आणायचं होतं. एसटीनं जाऊन, हातात पिशवी घेऊन, तिच्या दारात उभं राहायची माझी छाती नव्हती. आणि त्या मोटारसायकलवरून तर नाहीच. ती मी केव्हाच विकून टाकली होती. म्हटलं, मोठी गाडी घेऊन जाऊ. पोरीचं सामान डिकीत घालू, मायलेकींना मागं बसवू, आणि राजासारखं घरी आणू. माणसानं एकदा चूक केली की तिच्यावर किती पत्रा ठोकून बसतो, बघा.

बरकत गेला. मी हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“मालन.”

भाकरी थापायचं चालूच राहिलं.

“गाडी झाली. तेवढा ब्रेक राहिलाय. त्याला दुसरं माणूस लागतंय. तू वर बसून नुसतं पेडल दाबायचं.”

थप, थप, थप.

“ब्रेक झाला की सारिकाकडं जायचं. तिला घरी आणायला.”

हात थांबला. ती माझ्याकडं वळली नाही, पण हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलथली नाही. मग मीच म्हटलं, “तुला बोलायचं नसंल तर नको बोलू. दाबलंस की बांगड्या स्टेअरिंगवर एकदा वाजव. सोडलंस की दोनदा. मला तेवढं पुरं.”

तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि दुसरा उंडा घेतला. झालं, म्हटलं, नाही येत ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथी काठी कापायला बसलो होतो. तर मालन पदर खोचून अंगणात आली. चप्पल गाडीबाहेर काढून ठेवली, देवळात जाताना ठेवतात तशी, आणि स्टेअरिंगमागं जाऊन बसली. हातातली काठी मी कुठं टाकली ते मला आता आठवत नाही.

तिचा पाय काही पेडलला पोचेना. सीट माझ्या मापानं मागं सरकवलेली. मला दारातनं वाकून, तिच्या गुडघ्यावरनं हात घालून खटका ओढावा लागला. पाच वर्षांत एवढ्या जवळ आम्ही आलो नव्हतो. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता, आणि कानामागचे केस पिकले होते. हे कधी पिकले कुणास ठाऊक. मी म्हटलं, “आता पोचतोय का?” तिनं पेडल दाबून दाखवलं.

मी खाली गेलो, मागच्या डाव्या चाकापाशी. लांबच्या चाकापासनं सुरुवात करायची असते.

“तीनदा मार आणि दाबून धर!”

वरनं पेडलचा आवाज आला. एक, दोन, तीन. आणि मग स्टेअरिंगवर बांगड्या वाजल्या. टक.

मी निपल सोडला. फस्स. पारदर्शक नळीतनं तेल आणि बुडबुडे बाटलीत आले. आवळला. “सोड!”

टक, टक.

एवढंच. पण मला काय झालं सांगू? उलथनं कढईवर वाजायचं ते बोलावणं होतं. ते कुत्र्यालाही करतात. हे उत्तर होतं. मी काही म्हणायचो आणि ती त्यावर काही म्हणायची. मी उताणा पडून गाडीचा तळ बघत होतो, आणि टक झालं की हसत होतो. बरं तर बरं, खाली कुणी बघत नव्हतं.

मागचं दुसरं चाक चाललं होतं. “दाब!” टक. मी निपल सोडला आणि वाट बघत बसलो. कशाची? तर पुढच्या टकची. आयुष्यभर सुताचा फरक न चालवून घेतलेला माणूस, निपल आवळायचा विसरून बांगड्या ऐकत बसलो. “सोड” तेवढं म्हणालो. तिनं सोडलं, टक टक केलं, आणि बाटलीत वर आलेलं तेल नळीतनं उलटं आत गेलं, त्याच्यामागनं हवा. केलेलं सगळं पाण्यात.

“चुकलं!” मी खालनं ओरडलो. “माझं चुकलं, मालन! परत करायला लागतंय पहिल्यापासनं!”

वर सीट करकरली. मला वाटलं, उठून गेली. मग पेडल वाजलं. एक, दोन, तीन. टक.

ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं तेव्हा चारी चाकं झाली. मी तिच्या शेजारच्या सीटवर बसून हातानं पेडल दाबून बघितलं. दगडासारखं कडक. “झालं,” मी म्हटलं. ती उतरली, चप्पल घातली आणि आत गेली. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मनात म्हटलं, आनंदा, जिंकलास. पोर यायचीय, घर परत भरायचंय, आणि ही बोलायचीय. आज टक केलंय, उद्या तोंडानं बोलेल.

रविवारी निघालो. बरकत चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आला होता. मालननं एक मोठी बॅग, दोन पिशव्या आणि एक बोचकं डिकीत ठेवलं. बरकत म्हणाला, “वहिनी, पाटा-वरवंटा राहिला का?” ती हसली. मला वाटलं, पोरीसाठी पीठ, चटणी, लोणचं, जुन्या साड्या असतील. आई म्हटल्यावर असणारच. मी पुढचं दार उघडून धरलं. तिनं मागचं उघडलं आणि मागं बसली.

बसू दे, म्हटलं.

गाडी अशी चालली म्हणता! इस्पुर्ली गेली, बिद्री गेली. दोन्हीकडं ऊस, मधनं रस्ता. शेताकडं निघालेली माणसं बाजूला होऊन बघत होती. मुदाळतिट्ट्याला रस प्यायला थांबलो तर ही गर्दी जमली. “मामा, कुठली गाडी?” “मामा, किती सालची?” मी सांगत होतो आणि मधनंच आरशात बघत होतो. मालन मागं रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. मला वाटलं, ती खूश आहे. खूश होतीच ती, त्यात काही खोटं नाही.

तेवढ्या वाटेत मी एक वाक्य पाठ करत होतो. ‘पोरी, चुकलं माझं, घरी चल.’ सात अक्षरं असोत की सतरा, साठ वर्षांत तसलं काही म्हटलेलं नव्हतं, जिभेला वळण नको?

सारिका गारगोटीला एका बैठ्या घराच्या मागच्या अंगाला राहत होती. सकाळचं दूध आटोपून नुकतीच आली होती. दारात आली, आईकडं बघून हसली, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “या आबा.” पाणी दिलं. मी खुर्चीत बसलो. आधी एकच खोली होती म्हणे, आता मधलं दार उघडून शेजारची खोलीही घेतली होती. दोन खोल्या, स्वच्छ. चहा आला तो बशीसकट कपात. माझ्या घरात ही पोर मला पितळी पेल्यात चहा द्यायची. कपबशी पाहुण्यांना असते.

मी चहा संपवला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. “पोरी, चुकलं माझं. घरी चल.”

तिनं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मालन दाराला टेकून उभी होती.

“आबा,” सारिका म्हणाली, “त्या दिवशी मोटारसायकलवर मी तुम्हाला तीनदा म्हटलं, गाडी वळवा. एकदा कळंब्याच्या तळ्यापाशी, एकदा पुलावर, आणि एकदा सासरचं गाव दिसायला लागल्यावर. सासरच्या दारात उतरल्यावर तुम्ही म्हणाला, वाऱ्यात काय ऐकू आलं नाही.”

“होय.”

“खरंच आलं नव्हतं?”

खोटं बोलायला जागा होती. वाऱ्याचं कारण पोरीनं स्वतःच पुढं केलं होतं. नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“आलं होतं,” मी म्हटलं. “तिन्ही वेळा ऐकू आलं होतं.”

सारिकानं मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. उलट तिच्या तोंडावर जरा सैलपणा आला. “मला ते माहीत होतं,” म्हणाली. “पण तुमच्या तोंडनं ऐकायचं होतं. बरं केलंत सांगितलं ते. पण आबा, घरी कशाला चलू? माझं घर हेच आहे. तुम्ही येत जावा की.”

ती वाईट बोलली नाही, हे मी आजही सांगतो. जेवायला घातलं, वाढताना आग्रह केला. पण मी घास गिळत होतो आणि मला कळत होतं, की आता आपण इथं यायचं ते पाहुणा म्हणूनच.

तीन वाजता उठलो. मालन माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. डिकी रिकामी होती, तिच्या पिशव्या, बॅग, बोचकं सगळं आल्याआल्याच पोरीच्या घरात गेलं होतं. मी म्हटलं, “चल, ऊन आहे तोवर पोचू.” आणि पुढचं दार उघडून धरलं.

“मी येत नाही,” मालन म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो. येत नाही म्हणाली, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ती बोलली, एवढंच शिरलं. पाच वर्षं झाली होती. आवाज थोडा जाड झाला होता तिचा.

“तुम्ही तिच्यापुढं कबूल करावं, तेवढ्यासाठी थांबले होते,” ती म्हणाली. “मरताना तरी कराल म्हणून थांबले असते. पोरीला आणायचं म्हणालात तेव्हाच वाटलं, आता कराल, म्हणून सगळं बांधून आणलं. आज केलंत. माझं काम झालं. आता मी पोरीपाशी राहते. तिच्या हाताला हात पाहिजे. तुमच्यावर राग नाही आता.”

“राग नाही तर मग—”

“राग होता म्हणून तर राहिले होते.”

ती पुढं बोलत राहिली, अगदी रोजच्या बोलण्यासारखी, मधली पाच वर्षं नव्हतीच असं.

“गॅसवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागं लिवलाय. पीठ पंधरा दिवसांचं दळून ठेवलंय, आळ्या व्हायच्या आत संपवा. निळ्या झाकणाच्या बरणीत मीठ आहे, साखर नव्हं. गोळी सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, उलटं करू नका. नळाला पाणी सोमवारी आणि गुरुवारी येतं, मोटर लावायच्या आधी टाकीचा कॉक उघडा, नाहीतर सगळं परड्यात जातंय. दूध झाकून ठेवा, मांजर येतंय. बरकतभाईंच्या सुनेला सांगितलंय, दोन भाकऱ्या ती देईल, तिला शिळं कालवण देऊ नका उलट. माझं कपाट उघडंच आहे, त्यात काय ठेवलेलं नाही.”

मी ऐकत होतो. आधी नुसता आवाज ऐकत होतो, एकेक शब्द, पाऊस पडल्यावर पागोळीखाली घागर धरावी तसा. मीठ, गोळ्या, पाणी, मांजर. कपाटापाशी आल्यावर मला अर्थ लागला. हे सगळं एकट्या राहणाऱ्या माणसाला सांगतात. ही परत यायची नाही. आज नाही, उद्या नाही, दिवाळीलाही नाही. तिच्यासाठी उघडून धरलेल्या दारातनं मीच पुढच्या सीटवर बसलो.

“कळलं का सगळं?” तिनं विचारलं. “ध्यानात राहील?”

“नाही,” मी म्हटलं. “परत सांग.”

“काय परत सांगू?”

“सगळंच. पहिल्यापासनं सांग.”

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या ध्यानात सगळं राहिलं होतं. आजही विचारा, एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही. तिला ते कळलं का नाही, मला ठाऊक नाही. तिनं पदर सारखा केला, गाडीच्या दारावर हात ठेवला आणि गॅसवाल्याच्या नंबरापासनं परत सांगायला सुरुवात केली.